टोपलीतली सफरचंदं

डिंगोरे, ता. जुन्नर
२० नोव्हेंबर २०२४

ती. लंकाआक्कास,
सारजाचा सा. न. वि. वि.

फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. तुला कमी ऐकू येतं, मग मला ओरडावं लागतं. आणि मला जे सांगायचंय ते ओरडून सांगितलं, तर शिनोलीला पोचायच्या आधी ते आमच्या स्वयंपाकघरात पोचेल. म्हणून कागद बरा.

ह्यांचा टायफॉईड उतरला, पण तोंडाची चव गेली ती गेलीच. मऊ भात, मुगाचं कढण, ज्वारीची आंबील, सगळं करून पाहिलं. दोन घास खातात आणि ताट सारतात. त्यात भेटायला येणारा जो तो सफरचंदं घेऊन येतो. आजाऱ्याला न्यायला जगात दुसरं फळच नाही जणू. टोपली भरली, ह्यांना चावेना, शेवटी मी म्हशीला घालायला निघाले होते.

तेवढ्यात आमची सूनबाई पुढे झाली. सुदर्शनच्या लग्नाला अजून दोन वर्षं झाली नाहीत, पण हर्षालीला स्वयंपाकघरात जागा लागते. तिनं सफरचंदं सोलून फोडी केल्या, तुपात लवंग-दालचिनी टाकून परतल्या, झाकण ठेवून शिजवल्या आणि वर गूळ घातला. तेही तिच्या माहेरच्या पॅनमध्ये. त्याला काथ्या लावायचा नाही, मऊ कापडानं पुसायचा, असे त्याचे लाड. मी त्याला हात लावत नाही.

आक्का, ह्यांनी वाटी चाटून पुसून खाल्ली. वर म्हणाले की पोरीनं लई झ्याक केलंय, उंद्याबी कर. चव्वेचाळीस वर्षं मी ह्यांना जेवू घालतेय. झ्याक हा शब्द ह्यांना येतो, हे मला परवा कळलं.

मला वाईट वाटलं. तुझ्यापासून काय लपवू, चांगलंच झोंबलं. तुझा लोभ तरी वाटून जाऊ देऊ नकोस.

तुझी,
सारजा


शिनोली, ता. आंबेगाव
२४ नोव्हेंबर

चि. सौ. सारजास,
लंकाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा हसले. चांगदेवराव अंथरुणातून उठले, जेवायला लागले, याचा आनंद एका ओळीत आणि पोरीच्या पॅनवर अख्खा परिच्छेद. लहानपणी आईनं मला आधी वाढलं की तू ताटावरून उठायचीस, ती खोड अजून आहे म्हणायची.

एवढं लागलंय तर तूच कर ना सफरचंदं. कोणी चूल अडवली आहे का? तुझ्या हाताला चव नाही असं तुझा वैरीसुद्धा म्हणणार नाही. पण करायच्या आधी तिला एकदा विचार. विचारल्यानं कोणी लहान होत नाही.

इकडे कांद्याची लागण चालू आहे, कंबर धरली आहे. माया आहे तशीच ठेव, रुसवा तेवढा कमी कर.

तुझी,
आक्का


डिंगोरे
१ डिसेंबर

ती. लंकाआक्कास,
सा. न. वि. वि.

तुझं अर्धं ऐकलं. केली. विचारलं मात्र नाही.

परवा हर्षाली शेतावर गेली होती. मी सहा सफरचंदं घेतली आणि आईनं दिलेली माझी लोखंडी कढई चुलीवर ठेवली. तिचा तो पॅन खुंटीला होता, पण मेले तरी घेणार नव्हते. तूप, लवंग, दालचिनी, गूळ, सगळं दारातून पाहिलं होतं तसंच घातलं. झाकण काढलं तर आत शाई. कुळकुळीत काळं. तू म्हणशील, लोखंडात आंबट शिजवू नये हे आईनं पाठ करून घेतलं होतं. अगं, पण सफरचंद गोड नाही का? मला काय ठाऊक, त्याच्या पोटात आंबट आहे ते.

टाकून देणार होते, तर ह्यांनी वासावरून हाक मारली. वाटी द्यावी लागली. तेवढ्यात सुदर्शन आणि हर्षाली दोघंही शेतावरून आली. ह्यांनी एक घास घेतला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाले की आज हर्षालीचा हात बिघडला व्हय गं, कसलं काळं केलंय हे.

आता मी बोलायला हवं होतं. मी पदराला हात पुसत राहिले. ती पोरगी वाटीकडे बघते, माझ्याकडे बघते, आणि म्हणते की व्हय नाना, आज माझं चुकलं.

आक्का, तिनं मला वाचवलं आणि मला तिचा इतका राग आला की काय सांगू. गोड करून जिंकली होती, आता काळ्यातही तीच जिंकली. माझ्याच घरात मी तिच्या उपकाराखाली राहू का? मी सुदर्शनला सांगून टाकलं आहे की तिच्या भावाचं, आदेशचं लग्न उरकलं की तुमची चूल वेगळी करा. त्यानं नवी शेगडी सांगून ठेवली. तेव्हापासून माझ्याशी बोलणं टाकलंय, माझ्याकडे बघतही नाही.

तू रागावशील. रागाव, पण मला टाकू नकोस.

तुझी,
सारजा


शिनोली
५ डिसेंबर

सारजे,

आशीर्वाद नंतर. ज्या पोरीनं तुझ्यावर पांघरूण घातलं, तिचीच चूल वेगळी करतेस? घरात दोन चुली झाल्या की मग कोणाचा हात चांगला, हे विचारायलाही कोणी उरत नाही. मी भोगलंय, तुला ठाऊक आहे. माझा थोरला समोरच्या दारात राहतो आणि त्याच्या घरची आमटी मला वासावरूनच माहीत आहे.

चांगदेवरावांना खरं सांग. आधी ते कर, मग मला लिही. तोवर लोभ शिंक्यावर ठेवला आहे.

आक्का


डिंगोरे
११ डिसेंबर

चि. सौ. हर्षालीस,
अनेक आशीर्वाद.

मी तुला पत्र लिहीन असं तुलाही वाटलं नसेल आणि मलाही. दूधगाडीवाल्या संपतबरोबर तुझ्या माहेरी मढला पाठवते आहे. आदेशची हळद नीट पार पडली, हे सुदर्शन नानांना सांगत होता ते ऐकलं. तुझ्या आई-वडिलांना माझा नमस्कार सांग.

तू गेल्यापासून नाना परत जेवेनासे झाले. मी काल त्यांना सांगितलं की त्या दिवशीची काळी सफरचंदं माझी होती. ते म्हणाले की पहिल्या घासालाच कळलं व्हतं, चव्वेचाळीस वरसं त्या कढईतलं खातोय. मग पोरीचं नाव का घेतलं, म्हणून विचारलं. तर म्हणाले की तुझं घेतलं असतं तर तू आठ दिवस बोलली नसतीस, पोरगी मनावर घेत नाय.

माझं चुकलं. मोठ्या माणसाला हे लिहायला जड जातं, पण लिहिलं. आता त्या सफरचंदांची कृती कळव. किती गूळ, किती वेळ, झाकण कधी काढायचं, सगळं. त्यांच्या पोटात काही गेलं पाहिजे.

आईची माया असू दे म्हणण्याइतकी माझी वागणूक नव्हती. तरी असू दे.

तुझी सासू,
सारजाबाई


मढ
१३ डिसेंबर

ती. सौ. आईंस,
हर्षालीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र संपतदादांनी लग्नाच्या पंगतीत आणून दिलं. हात धुऊन वाचलं.

नाना म्हणाले की मी मनावर घेत नाही. आई, मी घेतलं. त्या दिवशी मी तुमच्यासाठी खोटं बोलले आणि गोठ्यात जाऊन रडले. त्यानंतर तुम्ही आमची चूल वेगळी करायला सांगितलीत, तेव्हा रडूही आलं नाही.

तुम्हाला माझा हेवा वाटतो, हे मला दिसत होतं. पण माझ्याकडे हेवा करण्यासारखं काय आहे? तुमच्या घरात आले तेव्हापासून मी भाकरी केली की नाना म्हणतात, सारजेवानी पातळ नाय. आमटी पुढे ठेवली की आधी विचारतात की कुणी केली, आणि मग भुरका मारतात. पिठलं तुमचं, लोणचं तुमचं, काळा मसाला तुमचा. घरातल्या प्रत्येक पदार्थावर तुमचा हात बसलेला आहे. मलाच जळायला होतं. सफरचंदं तेवढी तुम्ही कधी केली नव्हतीत, म्हणून मी ती धरली.

कृती लिहायला बसले. दालचिनीपर्यंत लिहिली आणि हात थांबला. तुम्ही योग्य भांड्यात केलीत तर माझ्यापेक्षा चांगली होतील, हे मला ठाऊक आहे. मग माझं काय उरेल? उद्धटपणा वाटला तर माफ करा. नानांसाठी तुम्ही परत मागितलीत, तर पुढच्या पत्री सगळी लिहीन.

लेक म्हणून नाही, तर निदान सून म्हणून मनात ठेवा.

आपली,
हर्षाली


डिंगोरे
१४ डिसेंबर

चि. सौ. हर्षालीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

कृती पाठवू नकोस.

काल शेजारचे दादाभाऊ नानांना भेटायला आले आणि पुन्हा दोन किलो सफरचंदं देऊन गेले. नानांनी विचारलं की आज करतीस का. मी सांगितलं की तो हर्षालीचा पदार्थ आहे, ती आल्यावर करील, तोवर माझी आंबील खा. तोंड वाकडं करून अख्खी वाटी खाल्ली. मग तू कधी येणार, हे दोनदा विचारलं. दुसऱ्या वेळी मला झोंबलं, खोटं कशाला सांगू. हे एकदम जायचं नाही, तू सांभाळून घे.

शेगडी आली होती. खोकंसुद्धा फोडू दिलं नाही, सुदर्शनला परत करायला लावली. तो आज माझ्याशी बोलला.

सफरचंदं टोपलीत आहेत. दोन-तीन सुरकुतायला लागली आहेत, तरी म्हशीला घातलेली नाहीत. सत्यनारायण झाला की निघ.

माझ्या वाट्याची माया कमी पडली तर मागून घे, ठेवून देऊ नकोस.

तुझी,
आई

ता. क. तुझ्या पॅनवर धूळ बसली होती. मी पुसून ठेवला आहे. मऊ कापडानं.