कंदीलवेलीला गप्पांचं खत

४ फेब्रुवारी, सकाळी ७
ही बहिणीकडे गेली त्याला आज एकवीस दिवस झाले. चार दिवसांसाठीच गेलीय. शिलाई मशीन सोबत नेलं, कारण बहिणीकडे उसवलेलं बरंच असणार. जाताना म्हणाली की कंदीलवेलीचे दिवे विझायला लागले तर कळवा, येऊन वेल घेऊन जाईन. तशी वेळच येणार नाही. वेल अशी फुलवतो की घरभर उजेड बघून ही मशीनसकट परत येईल. सध्या अकरा फुलं पेटलेली आहेत.
वेलीचं खत म्हणजे गप्पांचा गाळ. जेवणाच्या टेबलावर ताटली ठेवायची, दोघांनी बोलायचं, सकाळी तळाशी बसलेला गाळ मुळाशी घालायचा. बावीस वर्षं हे खातं हिच्याकडे होतं. पण बोलणारा मी, म्हणजे खत माझंच. ही फक्त चमच्याने काढायची.

८ फेब्रुवारी
काल जेवताना दोन तास बोललो. विषय: चालत्या झाडांच्या परवान्याचे नवे नियम. समोरच्या खुर्चीवर हिची शाल ठेवली होती. आज ताटली कोरडी. ताटलीच खराब असावी.

९ फेब्रुवारी
नवी ताटली. मधूनमधून ‘हं’, ‘मग?’ हेही मीच म्हटलं, हिच्या आवाजात. आवाज छान जमला. ताटली कोरडी. घसा बसला.

१३ फेब्रुवारी, संध्याकाळी
खतवाल्याकडे गेलो. झोपाळू झाडांना जांभयांचं खत, ढगांच्या रोपांना उसाशांचं, सगळी पोती छताला टेकलेली. मी तयार गाळाची पिशवी मागितली. तो म्हणाला की घरचा गाळ असेल तर त्याला तोड नाही. मी सांगितलं की घरी सारखी माणसांची वर्दळ, काढायला सवड होत नाही. पिशवीवरची चिठ्ठी वाचून मगच घाला, असं त्याने तीनदा बजावलं. मला बावीस वर्षांचा अनुभव आहे. सबंध पिशवी घातली.

१४ फेब्रुवारी
चिठ्ठी वाचली. गाळ दोन जावांच्या भांडणाचा निघाला. वेलीला काटे फुटलेत, फुलं एकमेकींकडे पाठ करून बसलीत. शर्टाची बाही फाटली. शिवायला मशीन नाही.
सहा फुलं.

१९ फेब्रुवारी
ताटली ऑफिसात नेली. कॅन्टीनच्या मधल्या टेबलावर ठेवली आणि वेलीचा विषय काढला. टायपिस्टबाईंना अर्जंट काम आठवलं. बाकीचे दोघे चहा घेऊन खिडकीपाशी गेले. ऑफिसात कामाचा ताण फार वाढलाय. कुणाला दोन शब्द बोलायला फुरसत नाही.

२३ फेब्रुवारी, सकाळी
शेजारच्या आजी-आजोबांची वेल गच्चीपर्यंत लखलखतेय. दिवसभरात दोघं मिळून पाच वाक्यं बोलत असतील. गुपित विचारलं. आजोबा म्हणाले की गाळ ऐकणाऱ्याच्या बाजूला साचतो, बोलणाऱ्याची बाजू कोरडीच राहते. मी त्यांना तिथेच थांबवून हे शास्त्राला धरून कसं नाही ते समजावलं. पाऊण तास लागला. शेवटी त्यांनी आमच्या मधल्या ताटलीतून आपल्या बाजूचा चमचाभर गाळ खरवडून माझ्या हातावर ठेवला. भला माणूस. माझ्या बोलण्यातूनच पडलेला गाळ, म्हणजे मुद्दा माझाच सिद्ध झाला.

२८ फेब्रुवारी
आजोबांचं कदाचित खरं असेल.
संकल्प: आजपासून ऐकायचं. कुणाला मध्येच तोडायचं नाही. आपलं घोडं पुढे दामटायचं नाही.
दुपारपासून ताटलीसमोर गप्प बसलोय. ऐकायला घरात काहीच नाही. ठिबकणारा नळ होता, तो गेल्या आठवड्यात मीच दुरुस्त केला. फार एकटं वाटतं. इथे लिहायला हरकत नाही, वाचतंय कोण.

३ मार्च
दोनच फुलं उरलीत. शेजारच्या आजींनी परस्पर हिला कळवलं. उद्या दुपारी येतेय. एका परीने बरंच झालं. ऐकायची तयारी पूर्ण आहे. ती बोलेल, मी ऐकेन, गाळ पडेल, फुलं पेटतील, ती राहील. कप धुऊन ठेवले. आरशासमोर नुसती मान हलवायचा सराव केला.

४ मार्च, संध्याकाळी ६
आली. हातगाडीवाल्याला खाली उभं करून आली. वाळली आहे. वेल नव्हे, ही. हिला बघून मला बरं वाटलं, खूपच बरं वाटलं. खुर्चीवर टेकली, काही तरी बोलायला सुरुवात केली, तेवढ्यात मी म्हटलं की आधी ऐकण्याबद्दल मला काय उमगलं ते सांगतो. मग शाल, पिशवी, कॅन्टीन, आजोबा, सगळं अगदी पहिल्यापासून सांगितलं. हिचा चहा संपला, माझा गार झाला. खालून गाडीवाल्याने दोनदा हाक मारली.
ताटलीत बोटभर गाळ पडला होता. सगळा हिच्या बाजूला. तिने तो मुळाशी घातला आणि आम्ही कुंडी जिन्याने खाली नेली. गाडी कोपऱ्यावर वळायच्या आत तिसरं फूल पेटलं.
ही काय काय बोलली ते लिहून ठेवावं म्हणून वही उघडली. ‘कुंडीला जरा हात लावा’ असं म्हणाली, एवढं आठवतंय. मग दारात थांबून आणखीही काही सांगत होती. बराच वेळ. तेव्हा मी बोलत होतो.