आईच्या उजव्या गालातला वास

प्रिय लोकेश,

आईचं ऑपरेशन झालं. नाकातून दुर्बीण घालून उजव्या गालाच्या हाडामागची पोकळी उघडली आणि धुऊन काढली. मी काम करते त्याच दवाखान्यात. सलाईनची पिचकारी मी देत होते, सक्शनचं मशीनही माझ्याकडेच होतं. आई ठीक आहे.

तुला आधी सांगितलं नाही. बाबा वैनगंगेत बुडाले आणि तिसऱ्या दिवशी सापडले, तेव्हाचा वास तुला आठवत असेल. होळीनंतर आईला तोच यायला लागला. मला काही येईना. ती घाबरली नाही. संध्याकाळी दाराकडे बघून म्हणायची, "आले काय? पाय धुवा आंधी." मग गप्पा मारत पोटभर जेवायची. शेजारच्या नथ्थूकाकाने कुंपण कसं सरकवलं, मी लग्नाचं नाव कशी काढत नाही, आणि "तुमचा लोकेश तं फोन बी नाही करत." मला हसू यायचं. मग ती उत्तर ऐकायला थांबायची, तेव्हा हसू यायचं नाही.

सीटी स्कॅनमध्ये उजवी पोकळी गच्च भरलेली दिसली. बुरशीचा गोळा. डॉक्टरांनी पोकळीचं तोंड मोठं केल्यावर आधी पू आला, मग मातकट, रवाळ काहीतरी. सक्शनच्या बाटलीत तळाशी गाळ बसला. असा गोळा चिखलासारखाच दिसतो, मी बरेच पाहिले आहेत. तरी ही बाटली ओतताना मी तोंड फिरवलं.

आता वास गेला, आणि आईचं जेवणही. "मले तरास नोता, मंग काहून काढलं त्याईले?" मी लॅबचा रिपोर्ट वाचून दाखवला. तिने शांतपणे ऐकून घेतलं. "हौ. आता पोराकडं जातीन. दुसरं कोण हाय त्याईले?"

रविवारी फोनवर तू सहज म्हणालास, तुझ्या रायपूरच्या खोलीत चिखलाचा, कुजका वास येतो, आणि सोबतच्या राहुलला येत नाही. लोकेश, हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. म्हणून हे पत्र. एकेक नाकपुडी बोटाने बंद करून हुंगून बघ. एकाच बाजूने येत असेल, तर बुरशीच असेल; इकडे ये, धुऊन टाकू. दोन्हीकडून सारखाच येत असेल, तर डॉक्टरकडे जाऊ नकोस. आईला फोन कर आणि एवढंच सांग, बाबा पोहोचले.

तुझीच,
मयुरीताई