बंद केलेला फोन

४ जानेवारी, रविवार

शिवूनं आज माझा घोडा फुकट खाल्ला. मी बघतच राहिलो!

ही वही खरं तर चाली लिहायला आणली होती. रोज एक चाल धाकट्या बहिणीची, एक माझी. सातला ड्यूटी सुटली की सुपरवायझरच्या ड्रॉवरमधून फोन घ्यायचा, गावी झरीला आबांच्या फोनवर लावायचा. आबा रानातून आलेले असतात. शिवू फोन घेते, "घोडा एफ-पाच" म्हणते, आन् ठेवून देते. कसा हायेस, जेवलास का, काही न्हाई. नववीत हाय, पण बोलणं मास्तरणीसारखं.

माझा बोर्ड कपाटाच्या दाराला आतून लावलाय. चुंबकाचा हाय, दार आपटलं तरी सोंगट्या हालत न्हाईत. सिद्धोधन म्हणतो, "देव ठेवतेत लोक कपाटात, तू वजीर ठेव." सिद्धोधन पिंगळीचा. हैदराबादेत गावाकडचा म्हणून एवढाच एक.

लाँड्रीत आज चादरीच चादरी. लग्नसराई हाय, हॉटेलं भरलेली. इस्त्रीच्या रोलरपाशी उभं राहून पायाचे खुंट झालेत. हाताचा ब्लीचचा वास जेवतानाही जात न्हाई. हे चौथं काम. हेबी सोडावं वाटायलंय.

६ जानेवारी

काही न्हाई. चादरी.

९ जानेवारी, शुक्रवार

महारुद्र सरांचा फोन. शिवूच्या शाळेत खेळाचे सर तेच. म्हणले, अठरा तारखेला परभणीत बुद्धिबळाची स्पर्धा हाय. पहिल्या चारात आली तर जिल्ह्याच्या संघात. मग पुढं बाहेरगावी खेळायला जायचं, दोन-तीन दिवस मुक्कामाला. म्हणले, "परमेश्वर, पोरगी खेळते हो. हे शिकवलं कुणी हिला?"

मी म्हणलं, "म्या."

सर जरा थांबले. सातवीतनं शाळा सोडलेलं पोरगं बुद्धिबळ शिकवतंय म्हणल्यावर थांबणारच! मला एका राजस्थानी फरशीवाल्यानं शिकवलं होतं, पहिल्या कामावर. त्याला कुणी खेळायलाच मिळत नव्हतं. मी शिवूला शिकवलं. आता ती मला वीस चालीत घरी पाठवते.

११ जानेवारी, रविवार

घरी वाद. आबा म्हणले, पोरीनं एकटीनं परभणीला कशाला जायचं. मी म्हणलं, सर हायेत संगं. मग मी म्हणलं, तुमचा फोन द्या तिच्याजवळ, उशीर झाला तर कळलं पाहिजे.

आबा म्हणले, "फोन मला रानात लागतो."

"एक दिवस न्हाई लागणार!"

माय मागून म्हणली, "द्या की हो. एवढा काय सोन्याचा हाय का त्यो?" आबा गप बसले. आमच्या घरात गप बसणं म्हणजे हो धरायचं.

१५ जानेवारी

शिवूला नियम पाठ करायला लावले. सरांनी सांगितलेलं मी पुन्हा सांगितलं: आत गेल्यावर फोन बंद करायचा, दप्तरात ठेवायचा. नुसता आवाज बंद न्हाई, पुरा बंद. डाव चालू असताना वाजला की डाव गेला. तू जिंकत असली तरी गेला.

"माहीत हाय रे दादा. लहान हाय का मी?"

"लहानच हायेस."

"उंट बी-पाच. शह!" आन् ठेवला फोन.

दोन चाली उरल्यात माझ्याकडं. दोन्ही वाईट. स्पर्धा झाल्यावर सांगतो.

१८ जानेवारी, रविवार

आज तिची स्पर्धा, आन् माझी दिवसपाळी. दीडच्या सुट्टीत फोन मागून घेतला, लावला. बंद. म्हणलं चला, शहाणी हाय, अजून खेळायली. बरं वाटलं. दुपारभर रोलरपुढं मी तिच्या चाली खेळलो मनात. दोन चादरी उलट्या घडीच्या गेल्या, शिव्या खाल्ल्या.

सातला लावला. महारुद्र सरांना आधी लावला, कारण धीर नव्हता. सर म्हणले, तीन डाव जिंकली. चौथ्यात समोरच्या पोरीचा वजीर मारला. हॉलमध्ये पंच सुद्धा येऊन उभे राहून बघायले. आन् पाऊण वाजता तिच्या दप्तरात फोन वाजला.

वाजला!

डाव गेला. चारात न्हाई आली, सहावी आली.

सर म्हणले, "हरण्याचं काही न्हाई हो. पण ती पंचांना तोंडावर म्हणली, मी बंद केला होता. पंच म्हणले, बाळ, बंद केलेला फोन वाजत नसतो. तरी हट्ट. सगळ्या पोरांसमोर. मला खाली बघावं लागलं."

मग घरी लावला. शिवू घेऊन म्हणली, "दादा, मी बंद केला होता. मायची आण."

मला काय झालं काय माहीत. दिवसभर उभा होतो म्हणू का, वजीर मारलेला डाव गेला म्हणू. मी ओरडलो. म्हणलं, "चुकलं तर चुकलं म्हण. खोटं बोलू नको. तुझ्यामुळं सरांना खाली बघावं लागलं."

ती मग "बरं" म्हणली.

माझी चाल विचारली न्हाई.

१९ जानेवारी

फोन आबांनी घेतला. "झोपली." सात वाजता!

२१ जानेवारी

मायनं सांगितलं, शाळेत पोरी तिला बंदफोन म्हणायल्यात. येता-जाता कानाला हात लावून "हॅलो, बंद हाय" म्हणतेत. घरी येऊन बोर्ड पेटीत ठेवून दिला तिनं. भाकरी करते, पाणी भरते, बोलत न्हाई.

मी म्हणलं, तिला द्या फोन. माय म्हणली, "घेत न्हाई म्हणते."

चुकलं तिचं, पण माझं बी जरा जास्तच झालं. पण खोटं का बोलावं? एवढं एक शिकवलं होतं तिला, हात लावलेली सोंगटी चालायची. हात लावला न्हाई म्हणायचं न्हाई.

२५ जानेवारी, रविवार

महारुद्र सर म्हणले, आठ फेब्रुवारीला परभणीत अजून एक स्पर्धा हाय. संघातली एक पोरगी दहावीच्या परीक्षेमुळं न्हाई म्हणली, तिच्या जागेसाठी. ह्या वर्षी शेवटचीच. मी म्हणलं, शिवूला न्या की.

"तिनं एकदा कबूल करावं, मग नेतो. नुसतं म्हणावं, सर, माझं चुकलं. मी काय रागावणार हाय का?"

मायला सांगितलं. मायनं तिला सांगितलं. ती म्हणली, "जे केलं न्हाई ते कसं म्हणू?"

आबा म्हणले, "बास झाला खेळ. पोरीच्या जातीला गावोगाव हिंडायचं कशाला?"

२८ जानेवारी

कपाट उघडलं की बोर्ड दिसतो. तिची शहाची चाल तशीच. माझा राजा दहा-बारा दिवस शहात उभा हाय. मला उत्तर द्यायचं होतं, पण सांगू कुणाला.

पाय सुजलेत. काम सोडून जावं वाटायलंय, पण कुठं जावं तेही कळत न्हाई.

३० जानेवारी

चादरी. एका चादरीवर कुणाच्या तरी लेकरानं पेनानं चित्र काढलं होतं. दोनदा धुतलं, निघेना. मला ते निघू नये असंच वाटत होतं.

२ फेब्रुवारी, सोमवार

लिहितो आता सगळं, नीट.

आजपासून नवा नियम. ड्रॉवरमध्ये टाकायच्या आधी सुपरवायझरसमोर फोन बंद करायचा. परवा मोठे साहेब आले तवा ड्रॉवरमधून कुणाचं तरी गाणं वाजलं होतं. म्हणून आज सकाळी आमी सगळ्यांनी रांगेत उभं राहून बंद करून दिले. सिद्धोधनचा बटणाचा फोन, माझ्यामागंच होता. त्याच्या फोनची लाईट विझली ती मी माझ्या डोळ्यांनी बघितली. सुपरवायझरनं कुलूप घातलं.

अकराच्या सुमाराला ड्रॉवर वाजायला लागला! टुंईं टुंईं टुंईं.

सुपरवायझर आला धावत. कुलूप काढलं. सिद्धोधनचाच फोन! चिरका आवाज, आन् लाईट लागलेली.

"बंद करके दिया था ना रे तू?"

"दिया था, साब."

"बंद फोन कैसा बजता रे? मेरेकू पागल समझा क्या?"

सगळे हसायले. सिद्धोधन गळ्याला हात लावून शपथा घेतो, "बंदच होता वो, आईशप्पथ!" आन् सगळे अजूनच हसायले. मी बी हसलो. हसता हसता माझं हसू एकदम बंद झालं. पंच हेच म्हणले होते. मी बी हेच म्हणलो होतो.

मग सिद्धोधनलाच आठवलं. अलार्म! काल तापानं खोलीवर पडून होता तवा अकराच्या गोळीसाठी लावला होता, काढायचा राहिला. बटणाच्या फोनचा अलार्म फोन बंद केला तरी वाजतो. फोन आपल्या आपण जागा होतो, वाजतो. दुपारच्या सुट्टीत आमी करून बघितलं. अलार्म लावला, फोन बंद केला, डब्यावर ठेवला. दोन मिनिटांनी वाजला. सुपरवायझर बी बघायला आला. म्हणला, "क्या जादू है रे!"



आबांचा फोन तसलाच हाय. आन् त्यात अलार्म म्याच लावून दिलाय. दिवाळीत गेलो तवा. रानातली लाईट दिवसाच्या पाळीत पाऊण वाजता येती. आबा बोलत बसले किंवा डोळा लागला की मोटार टाकायची राहून जायची, गव्हाचं पाणी चुकायचं. म्हणून रोज पाऊणचा अलार्म लावला. लावताना आबांना लय हौसेनं म्हणलो होतो, "आता बघा, ह्यो तुम्हाला उठवील."

शिवूला ठाऊक असायचं कारणच न्हाई. पाऊणला ती शाळेत. रविवारी सुद्धा फोन आबांसंगं रानात. ती खरंच बोलली. मायची आण घेतली होती तिनं, आन् मी म्हणलो खोटं बोलू नको.

वजीर मारलेला डाव मी घालवला. हितं बसून, साडेतीनशे किलोमीटरवरून.

३ फेब्रुवारी, मंगळवार

महारुद्र सरांना आधी सांगितलं. म्हणलं, सर, विश्वास ठेवू नका, करून बघा. सरांनी त्यांच्या वडलांचा बटणाचा फोन घेतला, अलार्म लावला, बंद केला, मला लाईनवरच थांबवलं. मी हितनं ऐकलं: टुंईं टुंईं.

सर मग म्हणले, "मी पंचांना फोन करतो. डाव तर परत मिळायचा न्हाई, नियम तो नियम. पण पोरीचं नाव तरी... आन् उद्या वर्गात मी स्वतः सांगतो, हा फोन सगळ्यांसमोर वाजवून दाखवतो." मग म्हणले, "आठ तारखेला नेतो तिला. आबांना मात्र तुम्ही विचारा. माझं काही ऐकायले न्हाईत ते."

शिवूला फोन द्या म्हणलं मायला. आज घेतला. मी सगळं सांगितलं. अलार्म, दिवाळी, सगळं. म्हणलं, शिवू, माझं चुकलं.

तिकडून नाक ओढलेला आवाज आला फक्त. मग म्हणली, "तुझा राजा अजून शहात हाय."

"हाय."

"मग हालव की."

मी हालवला. तिनं तिकडं पेटीतून बोर्ड काढल्याचा आवाज आला, सोंगट्यांचा. बारा-पंधरा दिवसांत पहिल्यांदा जेवण गेलं मला.

आबा फोन घरी ठेवून पारावर गेले होते. उद्या बोलतो. ओरडतील मला. ओरडू द्या.

४ फेब्रुवारी, बुधवार

आबांना सांगितलं. आबा, तो अलार्म म्या लावलेला, शिवू खरं बोलत होती.

आबा म्हणले, "ठाऊक हाय."

मला वाटलं सरांनी सांगितलं असेल. म्हणलं, कधी कळलं?

"त्याच दिवशी. पाऊणला वाजला म्हणली तवाच. पाऊणला दुसरं काय वाजतंय?" मग हळूच म्हणले, "सांगितलं असतं तर पुन्हा गेली असती. परक्या गावी, मुक्कामाला. न्हाई सांगितलं."

शिवू घरात खोटारडी म्हणून वावरत होती, आन् आबा रोज पाऊणला तोच अलार्म ऐकून मोटार टाकत होते.

सुट्टी मागितली न्हाई. सिद्धोधनला सांगून निघतो उद्याच्या गाडीनं. आठ तारखेला मीच नेणार तिला, हॉलच्या दारात बसणार.

बोर्ड पिशवीत घेतला. फोन मुद्दाम हितंच ड्रॉवरमध्ये सोडून चाललो, हॉलपाशी काही वाजायला नको.