लवंगीचे सहा डबे

३ जुलै, गुरुवार

पानं पुन्हा वळली! सहापैकी चार डब्यांत. कडा करपल्यासारख्या, शेंडे मलूल. माती ओली आणि झाड तहानलेलं— हा काय प्रकार?

बयाबाई म्हणाली, “नजर लागली असंल ताई.” कुणाची? या मागच्या पडवीत माझ्याशिवाय आणि त्या कॅमेऱ्याशिवाय बघायला आहे कोण? यशराजने कॅमेरा लावला तो माझ्यावर नजर ठेवायला, मिरच्यांवर नाही.

मे महिन्यात पायरीवरून पडले, खुबा मोडला, महाडला ऑपरेशन झालं, हातात काठी आली. ठीक. पण पायऱ्यांच्या तोंडाशी लोखंडी फाटक बसवून त्याची किल्ली कामवालीच्या कमरेला? एकतीस वर्षं सरकारी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत मलेरियाच्या काचा तपासल्या मी. अर्धं पोलादपूर माझ्या सुईखालून गेलंय. आणि आता माझ्याच घरातून खाली उतरायचं तर बयाबाईला विचारायचं!

५ जुलै

निदान पद्धतशीर करायचं. पाचगणीच्या शाळेत सिस्टर बेनेडिक्टा पट्टीने टेबल वाजवून म्हणायच्या, आधी बघ, मग बोल. पान होडीसारखं वर वळलं तर फुलकिडे. खाली वळलं तर कोळी कीड. माझी पानं वर वळलीत. शेंड्याखाली पांढरा कागद धरून टिचकी मारली. भिंगातून पाहिलं. कागदावर धूळ आणि एक मुंगी. फुलकिडा एकही नाही.

तरी निंबोळी अर्क आणायला सांगितलाय. लपले असतील.

यशराजचा फोन. “आई, काल संध्याकाळी तू तीनदा फोन केलास. तिन्ही वेळा मिरच्यांचंच सांगितलंस.” थापा! एकदा केला. फार तर दोनदा, लाइन तुटली म्हणून.

९ जुलै

आज निंबोळी अर्क फवारला. पानाच्या खालून, दोन चिमटी साबण घालून. निळे चिकट कागदही टांगले. आता बघू.

आज बुधवार. बयाबाईने खारा बांगडा आणला. पावसात होड्या बंद, ओलं काही मिळत नाही. मोरीजवळ वाडग्यात भिजत घालून ती वर कपडे टाकायला जाते. घरभर वास. जेवण मात्र झकास झालं, हे तिला सांगितलं नाही. डोक्यावर बसते.

१० जुलै

अर्क आला एकदाचा. आज पहिल्यांदा फवारला. पण बाटली अर्धीच! दुकानदाराने अर्धी भरून दिली. मला म्हातारी समजतो. बयाबाईला म्हटलं, परत नेऊन त्याच्या तोंडावर मार. तर ही बाई बाटलीकडे बघते, माझ्याकडे बघते आणि म्हणते, “राहू द्या ताई. पुढल्या येळला बघून आनीन.” तोंडात मारली तरी भांडणार नाही ही!

१३ जुलै

आणखी दोन डबे गेले. सहाही आजारी. एकाची पानं हात लावला की गळतात.

हे बी आईच्या दासगावच्या परसातलं. तिच्या पाठोपाठ मी दरवर्षी धरलेलं. बाजारात ही लवंगी नाही. हे सहा गेले की संपलं.

आई मासे धुतलेलं पाणी मिरच्यांना घालायची. आम्ही नदीकाठचे, मासळी ताजी. परसात एका हाताने वाडगं, दुसऱ्या हाताने पदर सावरत, प्रत्येक झाडाला बेताबेताने. “एकालाच नको ओतू गो, बाकीची रुसतील.” कशी तरारायची झाडं!

१६ जुलै

चष्मा तांदळाच्या डब्यात सापडला. बयाबाईची कामं. विचारलं तर हसते नुसती.

२० जुलै, रविवार

यशराज आणि स्नेहल येऊन गेले. स्नेहल सून म्हणून वाईट नाही, पण बोलताना मान अशी तिरकी करते की मी पाळण्यात आहे असं वाटावं. डोंबिवलीला अकराव्या मजल्यावर “आईंची खोली” तयार आहे म्हणे. खिडकीला जाळी. मी विचारलं, फाटकाची किल्ली तिथे कुणाकडे?

शेवटी ठरलं ते असं. गणपतीपर्यंत बघायचं. सगळं नीट चाललं तर मी इथेच. नाही तर घराला कुलूप. “नीट म्हणजे काय?” विचारलं. यशराज गॅसकडे बघत राहिला. दूध एकदा उतू गेलं, पातेलं जळलं— त्याचा एवढा बाऊ! आणि ते बयाबाईने ठेवलं होतं.

जाताना तिच्याशी बाहेर कुजबुजत होता. ती म्हणाली ते ऐकलं मी. “नाय दादा, ताई बऱ्या हायेत. मी हाय ना.”

जशी काही हीच माझी प्रमाणपत्रं देणारी!

२४ जुलै

उद्यापासून श्रावण. आज शेवटचा खारा मासा. आमच्याकडे गौरी-गणपती जाईपर्यंत मासळी चुलीला लागत नाही.

मिरच्या मरणपंथाला. बोकड्या रोग असेल तर औषध नाही, उपटून जाळायच्या. उद्या ठरवते.

२५ जुलै

नाही उपटल्या.

१० ऑगस्ट

नवी पालवी! सहाही डब्यांत! गुळगुळीत, सपाट, हिरवीगार पानं. दोन कळ्या.

निंबोळी अर्कच. दुसरं काय? मी सांगतच होते. बयाबाईला बोलावून दाखवलं. “बगा, सुटली नजर,” म्हणते. मी म्हटलं, नजर नाही, विज्ञान! तर म्हणे, “तेच ते, ताई.”

कॅमेऱ्यापुढे उभी राहून एक डबा उचलून दाखवला. बघ म्हटलं, यशराज, तुझी आई काय करू शकते.

२२ ऑगस्ट

पहिली मिरची. बोटाच्या पेराएवढी. चावली. डोळ्यांतून पाणी! आईची लवंगी.

२ सप्टेंबर

गौरी-गणपती गेले. यशराज मूर्ती खाली घेऊन गेला, मी फाटकाशी उभी राहून आरती म्हटली. बाप्पासाठी उघडतं, माझ्यासाठी नाही.

पण डोंबिवलीचा विषय त्याने काढला नाही! निघताना मिरच्या पाहून म्हणाला, “छान झाल्यात गं आई. बयाबाई आहेत म्हणून मी निर्धास्त.” मिरच्या मी वाचवल्या आणि निर्धास्त हा तिच्यामुळे! असो. जिंकले मी.

५ सप्टेंबर, शुक्रवार

सगळं संपलं. परवापर्यंत ठीक होत्या. काल संध्याकाळी माना टाकल्या, आज पानं भाजल्यासारखी. सहाही डबे.

या वेळी बसले खुर्ची घेऊन आणि नीट पाहिलं. किडा नाही. जाळं नाही. डब्याच्या कडेला मातीवर पांढरी साय. बोटावर घेतली, जिभेला लावली.

मीठ!

पडवीला छप्पर आहे, पावसाने धुऊन जात नाही. मीठ येणार कुठून? परवा बुधवारी बयाबाईने दीड महिन्यानंतर पहिला खारा बांगडा भिजवला होता. आषाढात बांगडा, मिरच्या आजारी. श्रावणात बांगडा बंद, मिरच्या बऱ्या. अर्काचा काही संबंधच नव्हता! ही बया खाऱ्या माशाचं पाणी माझ्या मिरच्यांना घालत होती! ताज्या मासळीचं पाणी वेगळं, खाऱ्याचं वेगळं, एवढी अक्कल नको?

हाक मारली. विचारलं, “हे पाणी कुणी ओतलं?”

ती पदराला हात पुसत उभी. डब्यांकडे बघितलं. मग वर कॅमेऱ्याकडे.

“कुणी ओतलं, बयाबाई?”

“मीच वतलं, ताई.”

“श्रावणाआधीही?”

“व्हय. तवा बी मीच.”

पुढे मी काय बोलले ते लिहीत नाही. बरंच बोलले. खुनी म्हटलं. ती एका शब्दाने उलटली नाही. मी म्हटलं, किल्ली ठेव आणि चालू लाग.

तिने कमरेची किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली. “पायऱ्या एकल्या उतरू नका. आनी डब्यांतून साधं पानी चांगलं सोडा, चार-पाच कळश्या. मीठ खाली जाईल. जगतील.”

गेली. मला शिकवून गेली!

पण किल्ली माझ्या हातात आहे. चार महिन्यांनी.

६ सप्टेंबर

यशराजला फोन केला. म्हटलं, बयाबाईला काढलं, आणि तू बुधवारचं पडवीचं चित्रण पाठव. तिच्या गावातल्या लोकांना दाखवणार आहे मी, ही काय करते ते.

मग म्हणाला, “आई, राहू दे ना.”

राहू दे म्हणे! खून झालाय इथे. म्हटलं, पुराव्याशिवाय मी कधी रिपोर्टवर सही केली नाही. पाठव.

“नको बघूस गं.”

“यशराज, पाठव!”

७ सप्टेंबर, रविवार

पाहिलं. पाच वेळा.

पडवीत एक बाई आहे. एका हातात वाडगा, दुसऱ्या हाताने पदर सावरते. एकेका डब्याला बेताबेताने घालते. ओठ हलतायत. काठी नाही. साडी माझी.

मग बयाबाई धावत येते, वाडगा काढून घेते, काठी शोधून तिच्या हातात देते, धरून आत नेते.

मला यातलं काही आठवत नाही.

मिरच्यांना पाणी सोडलंय, पाच कळश्या. बयाबाईला फोन केला. म्हटलं, ये. किल्ली घेऊन जा.