मी एकटी ऐकणार

६ जानेवारी, मंगळवार
तीनचा तास झाला. इकडे शहरात, उस्मानपुऱ्यात, माझं जेवणाचं टेबल, तिकडे पैठणपलीकडच्या शाळेची सातवी. शेळके सर, त्यांचे वर्गशिक्षक, पोरांना एकेक करून कॅमेऱ्यापुढं ढकलत होते. "ए, मॅडमला तोंड दिसू दे की! पाठ काय दाखवतो!" नेट दोनदा गेलं. तरी बरं म्हणायचं.

गृहपाठ दिला. 'माझं घर', इंग्रजीत, बोलून पाठवायचं. सगळे गप्प. लाज वाटते. म्हटलं, "चुकलं तरी चालेल. मी एकटी ऐकणार. दुसरं कुणीसुद्धा नाही." मग कुठं चार माना हलल्या.

महिनाअखेरीला शिक्षकांच्या मेळाव्यात बोलायचंय. विषय : ऑनलाइन साधनं आणि जोडलेले वर्ग. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, आता आठवण आली यांना. पहिलं वाक्य सुचलं : 'पडद्यानं अंतर संपवलं.' बरं आहे.

९ जाने., शुक्र.
रेकॉर्डिंग आली. पोरांच्या घरच्या फोनवरून सरांना, सरांकडून मला. मागे कोंबडे, भांडी, कुणाची तरी आई कुणावर तरी ओरडतेय. बहुतेकांनी पुस्तकातलं घर पाठ म्हटलं : बाग, कुत्रा, गाडी. कुत्र्याचं नाव टॉमी. गावात टॉमी!

कांचन नावाच्या मुलीनं मात्र स्वतःचं सांगितलंय. लांबलचक. क्रियापदं वाऱ्यावर. बाप, बस, डबा, बाग, सगळं एकात एक. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, अर्ध्यावरच बंद केलं.

'मोती'वर टाकलं. सवय जात नाही. स्टाफरूममध्ये पेपर तपासताना पोरांची अचाट उत्तरं मोठ्यानं वाचायची, त्याला आम्ही मोती म्हणायचो. चौतीस वर्षं वाचणारी मीच. आता आम्हा चौघी निवृत्तांचा फोनवर गट आहे, नाव तेच. रोहिणी, आमची भूगोलवाली, तिचं लगेच उत्तर : "वसू, हा तर टपोरा निघाला गं!" हसणारे चेहरे अकरा. मोजले मी. मोजून खूश झाले.

१३ जाने., मंगळ.
कांचन तासाला नव्हती. सरांना विचारलं. "घरी जरा गडबड हाय मॅडम. सांगतो मागून." चेहरा उतरलेला. मला वाटलं ताप.

१४ जाने., संक्रांत
फोनवर सकाळपासून तिळगुळाची चित्रं. एकालाही उत्तर दिलं नाही. दुपारी सरांचा फोन.

ते रेकॉर्डिंग गावात पोचलं. कांचनचा आतेभाऊ इथं शहरात शिकतो, त्याच्या कुठल्याशा गटावर आलं. सुरुवातीलाच पोरीनं आपलं आणि गावाचं नाव सांगितलंय, मी शिकवलं तसंच. तो गावी गेला आणि घरात मराठी करून सांगितलं.

काय सांगितलं ते मला सरांकडून कळलं. कांचनच्या वडिलांची कंपनीतली नोकरी पावसाळ्यातच गेली. घरात फक्त तिच्या आईला आणि तिला माहीत. आजीला सांगायचं नाही, गावाला तर नाहीच. रोज सकाळी ते कंपनीचा शर्ट घालून, डबा घेऊन एसटीत बसतात. पैठणला बागेच्या बाहेर बसतात. संध्याकाळच्या गाडीनं परत. आता सगळं गाव सांगतंय. चावडीवर कुणीतरी म्हणालं म्हणे, "काय, आज बागेची सेकंड शिफ्ट का?"

मी हे ऐकलं होतं. बस ऐकली, डबा ऐकला, बाग ऐकली. आणि हसले. पोरगी काय सांगतेय तिकडं कानच नव्हता.

सर म्हणाले, "घरात कुनाला इंग्रजी येत नाय मॅडम. म्हनून तर पोरगी मोकळी बोलली." मग, "लोक म्हंत्यात सरानंच फोडलं. रेकॉर्डिंग माझ्याच फोनवर आलती ना. तुमाला काय वाटतं, कुठून गेलं असंल?"

मी म्हणाले, "बघते."

बघते!

१५ जाने., गुरु.
गटावरून पुसायला गेले. सगळ्यांच्या फोनवरून काढायची मुदत टळून गेलेली. माझ्या फोनवरून तेवढं गेलं. म्हणजे सगळ्या जगाकडे आहे, माझ्याकडे नाही.

रोहिणीला फोन. तिनं भाचेसुनेला पाठवलं होतं, ती कुठल्याशा शाळेत आहे, तिनं तिच्या मैत्रिणींना. "गंमत म्हणून गं." खूप बोलले तिला. अक्कल, वय, काय काय काढलं. ती ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "झालं? आता सांग, आधी टाकलं कुणी?"

फोन मीच ठेवला.

तासाला बसले, पण मन नव्हतं. लवकर संपवला.

१७ जाने., शनि.
आज दिवसभर दुसऱ्यांना शिव्या. आतेभावाला, कसला भाऊ. रोहिणीच्या भाचेसुनेला. मग त्या बापालाही : कुणी सांगितलं होतं सोंग करायला? सरळ सांगायचं, गेली नोकरी. चोरी केली का?

हे लिहिलं आणि स्वतःचीच किळस आली. माझ्या निवृत्तीला सहा वर्षं झाली. अजून सकाळी साडेनऊला इस्त्रीची साडी नेसून तयार होते. कुठं जायचं असतं मला?

कॉन्व्हेंटमध्ये आमच्या सिस्टर चूक सांगायला बाकाजवळ यायच्या. वाकायच्या, कानाशी बोलायच्या. शेजारणीलाही ऐकू जायचं नाही. त्यांचं इंग्रजी उचललं मी सगळं. तेवढंच उचललं.

१९ जाने., सोम.
शाळा समितीची बैठक झाली. सरांनी संध्याकाळी फोन केला. सव्वा तास उभं केलं त्यांना. कांचनचे वडील आलेच नाहीत, चुलते आले होते. सरांची बदली मागितलीय. "पोरीबाळींचे आवाज बाहेर विकतो" असंही म्हणालं कुणीतरी.

"एकानं तुमचं नाव घेतलं मॅडम. म्हनला, शहरातल्या बाईंकडून गेलं असंल. मी लई तापलो. म्हनलं, देवाशप्पथ सांगतो, त्या मॅडम असलं करूच शकत नायत. बसला मग गप."

मी काय बोलले? "जेवलात का?" असं विचारलं. खरंच हेच विचारलं.

आयुष्यभर लोक म्हणत आले, हिच्या जिभेला धार आहे. प्राचार्यांना तोंडावर सुनावलेलं आहे. आज जिभेवर चार शब्द होते, 'ते मी पाठवलं सर', आणि

२० जाने., मंगळ.
सकाळीच लावला फोन, चहाच्याही आधी. प्रस्तावना केली नाही. चार शब्द.

मागे प्रार्थना चालली होती. ती संपल्यावर ते बोलले.

"मॅडम, मी काल शप्पथ खाल्ली."
"माहीत आहे."
"नाय, तुमाला काल बी माहीत व्हतं."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "आता मी कुन्या तोंडानं जाऊ तिच्या घरी?"
"तुम्ही नका जाऊ. मी येते. समितीला पत्रही देते, माझ्या सहीचं."
"या," म्हणाले. 'मॅडम' म्हणाले नाहीत.

तीनचा तास नाही. सर म्हणाले, आज नको.

२१ जाने., बुध.
मेळाव्यावाल्यांना कळवलं, बोलणार नाही. संयोजक हसत होते. "मॅडम, तुमच्यासारख्या अनुभवी! दहा मिनिटं तरी. साधनांचे फायदे सांगा, बास." म्हटलं, फायदे मला माहीत नाहीत. "मग तोटे सांगा की!" फोन ठेवला. भाषणाचे कागद फाडले नाहीत. कपाटात टाकले. फाडायला फार नाटकी वाटलं.

२४ जाने., शनि.
जाऊन आले. लिहून ठेवते.

एसटीनं पैठण. स्टँडवर सर मोटारसायकल घेऊन. चौसष्टाव्या वर्षी मागे एका बाजूनं बसले, सहा-सात किलोमीटर, पर्स छातीशी धरून. ते वाटेत एवढंच बोलले, "नीट धरा, खड्डा हाय."

घरी आजी दारातच. "या बाई, बसा." पाणी दिलं. आई आतून आली. मी बसण्याआधीच सांगून टाकलं : सरांचा दोष नाही, मी पाठवलं, मैत्रिणींना, हसायला. 'हसायला' हा शब्द गाळायचं एसटीत ठरवलं होतं. गाळला नाही.

आई म्हणाली, "तुमीच पोरीला म्हन्ला व्हता ना, कुनी ऐकनार नाय? घरी येऊन नाचत सांगितलं व्हतं तिनं."
"हो. मीच म्हणाले होते."
"मंग?"

सर दारात उभे, मान खाली.

आजीच मध्ये बोलली. "मला ठावं व्हतं समदं. आईला कळत नाय व्हय? कंपनीतनं आलेल्या मानसाचा शर्ट असा घडी केल्यावानी ऱ्हातो का? पन त्याला बरं वाटत व्हतं, म्या कशाला बोलू." मग मला, "आता गावानं बोलायला लावलं बघा."

वडील खाटेवर बसले होते. चाळिशीचा माणूस. खिशातून फोन काढला, ते रेकॉर्डिंग काढलं, माझ्यापुढं धरलं. खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग.

"मला इंग्रजी येत नाय बाई. भाच्यानं दोन वाक्यांत सांगितलं, बाप बागंत बसतो म्हनून. पन एवढी मानसं हसत्यात म्हंजे अजून काय तरी आसंल. त्यात हसन्यासारखं काय हाय, तेवढं सांगा मला."

आणि लावलं.

तिचा आवाज घरात आला. मी एकेक वाक्य मराठीत सांगत गेले, ते मधे मधे थांबवत होते. माझं नाव कांचन, मी या गावात राहते. माझ्या घरात चार माणसं आहेत. माझे बाबा रोज सकाळी बसनं जातात. त्यांना आता कंपनी नाही. ते बागेबाहेर बसतात आणि डबा खातात. आम्ही आजीला सांगत नाही.

मराठीत सांगताना एकही वाक्य चुकीचं नव्हतं. हसू कुठं आलं होतं ते मला सापडेना.

मग मी जिथं बंद केलं होतं ती जागा आली आणि गेली. पुढचं मी कधी ऐकलंच नव्हतं. तरी सांगत राहिले :

आमची सहल गेली तेव्हा बसच्या खिडकीतून बाबा दिसले. मी हात केला नाही. मैत्रिणींना दुसरीकडे पक्षी दाखवला. बाबांनी डबा घरी खाल्ला तर मला आवडेल. पण मी त्यांना सांगणार नाही. त्यांना वाईट वाटेल. हे माझं घर आहे. थँक्यू मॅडम.

"यवढंच?" ते म्हणाले.
"एवढंच."

फोन उलटा करून खाटेवर ठेवला. मग उठले. "तुमची गाडी साडेचारची हाय. चुकंल." आणि मागच्या दारानं बाहेर गेले.

कांचन आतल्या खोलीत होती. दाराखालून पावलं दिसत होती. मी दाराशी जाऊन म्हटलं, "कांचन, मी शब्द मोडला. माझं चुकलं." पावलं हलली नाहीत.

पत्र समितीच्या अध्यक्षांकडे दिलं. त्यांनी उभ्याउभ्याच वाचलं, सरांकडे बघितलं, खिशात घातलं.

२७ जाने., मंगळ.
सरांचा निरोप, लेखी, दोन ओळी. बदलीची मागणी मागे. तास चालू ठेवायला हरकत नाही, पण पोरांचा आवाज शाळेच्या बाहेर जाणार नाही, रेकॉर्डिंग बंद. बरोबर आहे.

रोहिणी येऊन गेली. दोघींनी गट बंद केला. त्यानं काय होणार, असं ती म्हणाली. काहीच नाही, मी म्हटलं. चहा घेऊन गेली.

कांचनच्या वडिलांचं कळलं नाही. विचारलं नाही मी. कुठल्या हक्कानं?

२९ जाने., गुरु.
तीनचा तास. पोरं शांत होती, माझ्याकडे बघत होती. मोठी माणसं जे दडवतात ते पोरं बघतात. सुरुवातीला उभी राहून सांगितलं, मी काय केलं ते. सोप्या मराठीत. एकानं विचारलं, "मॅडम, तुमाला कोन रागावलं?" म्हटलं, सगळे. थोडं हसू झालं.

मग शेळके सर कॅमेऱ्याच्या जवळ आले, आवाज खाली केला. "आलीय. पन हिकडं बसती म्हनाली, भिंतीकडं. तुमाला दिसनार नाय तिथं. फिरवू का कॅमेरा?"

म्हटलं, नको. राहू द्या तिला.

पाऊण तास शिकवलं. प्रश्न सगळ्या वर्गाला विचारले, नाव घेऊन कुणालाच नाही. पडद्याच्या डाव्या कडेला एक कोपर अधूनमधून दिसायचं, निळ्या बाहीचं. तिचं असेल, नसेलही. तिकडून एकही उत्तर आलं नाही. प्रत्येक प्रश्नानंतर मी रोजच्यापेक्षा जरा जास्त थांबले.