कान कापलेली काळी

प्रिय सोन्या,

अनेक आशीर्वाद. हे फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू 'हो हो, आई' म्हणतोस आणि विषय बदलतोस. सूनबाईची कंबर आता बरी असेल. इथे ठीक आहे. तुझे बाबा दुपारी दणकून घोरतात, म्हणजे तब्येत उत्तम.

बातमी अशी, की आपली काळी पोटुशी आहे. हसू नकोस. तीन महिन्यांपूर्वी तू नोकरी करतोस त्या नगरपालिकेची गाडी गल्लीतली पाच कुत्री ऑपरेशनला घेऊन गेली. अकराव्या दिवशी काळीसकट चार परत आली, चौघांच्या डाव्या कानाचं टोक उडवलेलं. कान कापलेला म्हणजे ऑपरेशन झालेलं, आता पिल्लं व्हायची नाहीत, हे तूच मला समजावलं होतंस. मी आधी माझ्याच डोळ्यांवर संशय घेतला. मग उरलंसुरलं घालायच्या निमित्ताने काळीला उताणी लोळवली. पोटावर टाक्याची खूण नाही. समोरच्या शिंपीणकाकूंना बोलावलं. त्यांचा जन्म टाके घालण्यात गेलाय. त्या म्हणाल्या, "इथे सुई लागलेलीच नाही हो. कान तेवढा बेतलाय, बाकी कापड कोरं!" मी हसले, पण तेवढ्यापुरतंच.

आणि पाचवा, आपला साहेब, आलाच नाही. वरचे भाडेकरू जाताना पट्ट्यासकट जिन्यात सोडून गेले, तोच. पंजा दिल्याशिवाय खाण्याला तोंड न लावणारा. इतर चौघांना जाळी टाकून धरावं लागलं, हा गाडीत आपण होऊन चढला. बिचाऱ्याला वाटलं, मालक न्यायला आले. गाडीवाल्याला विचारलं, तर म्हणतो, "मावशी, त्याला चांगलं घर मिळालं." कुणाचं? ते ऑफिसला माहीत. ऑफिसातली कारकून बाई म्हणाली, ते ऑपरेशनचे कुत्र्यामागे पैसे घेणाऱ्या ठेकेदाराला माहीत. ठेकेदार म्हणाला, नोंदवहीत बघा. मी ओळख सांगितली नव्हती, तरी त्याने "भाऊंच्या आई ना?" म्हणत खुर्ची दिली, चहा मागवला. सोन्या, तो तुला भाऊ कधीपासून म्हणतो?

चहाला मी हात लावला नाही. नोंदवहीसाठी मात्र तीन दिवस सकाळी ऑफिसातल्या बाकावर जपमाळ घेऊन बसले. तिसऱ्या दिवशी बाईने वही पुढ्यात आपटली, "बघा आणि सुटा एकदाच्या, आजी!" आपल्या गल्लीच्या नावावर नऊ कुत्री नेली, नवांची ऑपरेशनं झाली, नऊ जागच्या जागी सोडली. नऊ! आपल्या गल्लीत पाचाच्या वर कुत्री कधी होती रे? आणि खाली चिकटवलेल्या कागदावर 'परत मिळाली' म्हणून सही. माझी.

तो रविवार तुला आठवत असेल. कुत्री अजून तिकडेच होती, आणि तू कागद पुढे केलास. "आई, इथे सही कर. गाडी येते तेव्हा तू पूजेत असतेस, उगाच कागद अडकतो." आकड्याची जागा कोरी होती. भाजीवाल्याचा काटा दोनदा बघणारी मी, चष्मा आणायलाही उठले नाही. कागद तुझ्या हातात होता ना. तुझ्या बाजूने विचार करून पाहिला. वरून दडपण आलं असेल, आकडा मागाहून दुसऱ्याने भरला असेल. पण प्रत्येक वेळी मधे ते 'भाऊ' येतं, आणि मन पुन्हा तिथेच अडतं.

सोमवारी अकरा वाजता मी मुख्याधिकाऱ्यांकडे जाणार आहे. सही माझी आहे आणि ती खोटी आहे, असं लिहून ठेवलंय. देवापुढे बसून दोनदा वाचलं, काही बदलावंसं वाटलं नाही. तुझं नाव मी घातलेलं नाही. ते नोंदवहीत माझ्या सहीशेजारीच आहे, 'समक्ष' म्हणून, ते वाचतीलच. आपलं आपण जाऊन सांगणं वेगळं आणि पकडलं जाणं वेगळं. तुला पहिलं करायला वेळ मिळावा, एवढ्यासाठी हे पत्र. रविवारी ये, सोमवारी दोघं मिळून जाऊ. येताना साहेबाला आण. तो उरला नसेल, तर ते मला तुझ्याच तोंडून ऐकायचंय, त्या ठेकेदाराच्या नाही. मग रिकाम्या हाताने ये. पण ये.

रविवारी सकाळपासून दार उघडं ठेवणारी,
तुझीच,
आई