बिननावाची विंडो

७ जानेवारी २०१३, सोमवार

खोली मिळाली. खांदा कॉलनी, तिसरा मजला, गॅलरीतून प्रबळगडाचं टोक दिसतं. पाण्याला जोर आहे आणि मालकीण दमयंतीबाई कमी बोलतात. सकाळी पोहे खाऊन रमतगमत चालत कामावर गेलो. मुंबईत सात वर्षं सर्व्हर सांभाळले, एवढी निवांत सकाळ एकदाही मिळाली नाही.

काम मात्र विनोद आहे. नवीन पनवेलमध्ये एका संस्थेचं अंधांसाठी संगणक केंद्र. सहा जुनी मशिनं, त्यांवर लिनक्स, आणि पडद्यावर असेल ते मोठ्याने वाचणारा स्क्रीन रीडर. त्याचा आवाज सर्दी झालेल्या पत्र्याच्या डब्यासारखा. संचालक कुमुदताई डोळस आहेत, पण दिवसभरात त्याचा काही उपयोग करताना दिसल्या नाहीत.

इथे एक पद्धत आहे. दारातून आत येताना प्रत्येकाने आपलं नाव मोठ्याने सांगायचं, म्हणजे खोलीत कोण कोण आहे ते सगळ्यांना कळतं. कुमुदताईसुद्धा सांगतात. मला सांगायला लावलं तेव्हा मी हसलो आणि सरळ आत गेलो. बालवाडीतली हजेरी मी बालवाडीतच सोडली. परेश नावाचा एक जाडा विद्यार्थी म्हणाला, नव्या सरांचं नाव सरकारी गुपित दिसतंय.

९ जानेवारी

सत्यवती नावाची विद्यार्थिनी जवळच्या नेरे गावाहून येते. तिची बोटं माझ्यापेक्षा वेगाने चालतात. हे तिला सांगण्याची गरज नाही. चोवीस तारखेला तिची परीक्षा आहे. प्रमाणपत्र मिळालं तर एका कचेरीत टेलिफोन ऑपरेटरची जागा मिळेल, नाही मिळालं तर तिची वयोमर्यादा यंदाच संपते.

आता तिचं रडगाणं असं. उघड्या विंडोंची यादी ऐकायचं बटण दाबलं, की आवाज दोन-तीन नावं वाचतो, अडखळतो, पडदा काळा होतो आणि मशीन पुन्हा लॉगिनपाशी येऊन उभं राहतं. लिहिलेलं सगळं जातं. आज सहा वेळा झालं. प्रश्नांच्या विंडोतून उत्तराच्या विंडोत जायचं तर यादी ऐकावीच लागते, त्यामुळे परीक्षेत असं झालं तर संपलंच.

तिचं म्हणणं, हे सोमवारपासून चालू आहे, आधीच्या धनेश सरांच्या वेळी कधीच झालं नव्हतं. मी म्हटलं, धनेश सरांना कळलं नसेल. ज्याला मशीन कळत नाही त्याला ते नेहमी छानच चाललेलं वाटतं.

११ जानेवारी

कारण सापडलं. अर्थात तासाभरात. स्क्रीन रीडर प्रत्येक विंडोला नाव विचारतो आणि ते वाचतो. यादीत एक विंडो आहे जिला नावच नाही. तिने उत्तर दिलं नाही की हा महाभाग कोसळतो आणि जाताना अख्खा डेस्कटॉप घेऊन जातो. लिहिणाऱ्याने हा साधा विचार केला नव्हता. मी स्क्रीन रीडर बनवणाऱ्या मंडळींना मेल पाठवली. चूक समजावली आणि थोडी अक्कलही शिकवली.

फक्त ती विंडो कुणाची, ते कळत नाही. पडद्यावर कुठेही दिसत नाही. आणि सहाही मशिनांवर आहे.

१५ जानेवारी

सुटा भाग आणायला दिवसभर वाशीला होतो. संध्याकाळी परत आलो तर कळलं, आज एकही मशीन पडलं नाही. परेश म्हणाला, सरांनी रोज वाशीला जावं, डबा आम्ही देऊ. सगळे हसले. मी आत आल्यावर पाचच मिनिटांत दोन मशिनं पडली.

सत्यवती हसली नव्हती. मागाहून जवळ येऊन म्हणाली, "सर, दारात एकदा नाव घ्या ना. माज्यासाटी."

परेश लगेच म्हणाला, "उखाण्यात घेतलं तरी चालेल."

मी सांगितलं की मी आंधळा नाही, आणि मशिनाला नवस बोलत नसतात.

१७ जानेवारी

मशीन जी नोंद ठेवतं तिच्यात प्रत्येक विंडोची जागा आकड्यांत येते. बिननावाच्या विंडोची जागा बदलते. मी दाराशी गेलो, आकडे बदलले. टेबलाशी परत आलो, आकडे परत आले. तीनदा करून पाहिलं.

केबल खराब असणार. बदलली. नवी केबलही खराब निघाली.

१९ जानेवारी, शनिवार

माझ्या मेलला त्या मंडळींचं उत्तर आलं. दुरुस्ती दोन ओळींची: ज्या विंडोला नाव नाही ती नाहीच असं समजावं आणि पुढे जावं. कामचुकारांचा उपाय. पण चालतो. पाच मशिनांवर टाकला, एकही पडलं नाही. सहाव्यावर सत्यवती सराव करत बसली होती, उठेना. सोमवारी बघू.

दुपारी कुमुदताई आल्या, आपलं नाव सांगितलं आणि सर आज आले नाहीत का म्हणून विचारलं. मी दोन हात अंतरावर उभा होतो. चष्मा बदलायला हवा बाईंनी. संध्याकाळी वडापाववाल्याने माझ्या मागच्या तिघांना दिलं, मला नाही. या गावाला रीतभात म्हणून नाही.

२१ जानेवारी

दमयंतीबाईंनी किल्लीने दार उघडून एका जोडप्याला खोली दाखवली. मी कॉटवर बसलो होतो. ओरडलो. त्या म्हणाल्या — त्या जोडप्याला — बरेच दिवस बंद आहे, हवा खेळली की कुबट वास जाईल.

बरेच दिवस. मी काल इथे जेवलो.

२२ जानेवारी

पाच मशिनांवरून ती दुरुस्ती काढायला गेलो. माझं लॉगिन टाकलं तर पाचही म्हणतात, असा कुणी वापरणारा नाही. सहावं अजून आत घेतं. यादी चालवली. पडलं. इतकं बरं वाटलं, की —

सहाव्याला हात लावायचा नाही.

२३ जानेवारी

दारात उभा राहिलो. म्हटलं, चला, घेतो नाव. आवाज आहे. तोंड उघडतं. नाव — ओळखपत्र काढलं. फोटोखाली कोरं.

परेश माझ्या अंगावरून गेला. अंगावरून म्हणजे अंगातू— नको.

फक्त सत्यवतीने मान वळवली. "कोन हाय? सर?" मग दाराकडे तोंड करून म्हणाली, "उद्या माजी परीक्षा हाय, सर."

ती भांडली असती तर बरं झालं असतं.

२४ जानेवारी, गुरुवार

अकराला सुरू. परीक्षक बाहेरचे, नाव सांगून आत आले. शिकलेला माणूस, लगेच ऐकतो.

बाकीच्या पाचांवर इतर परीक्षार्थी, सत्यवती सहाव्यावर. सहावं दोनदा पडलं. मी बाहेर जाऊन पाहिलं. गॅलरीत, जिन्यात, रस्त्यावर. तरी पडतं. आता कुठेही गेलो तरी मी त्याच्या यादीत —

परीक्षक म्हणतात, आणखी एकदा पडलं तर रद्द. पाच मिनिटं दिली. ती पाणी प्यायला उठली आहे. उठताना सगळ्या कळा एकदा चाचपल्या तिने. मूर्ख बाई. एवढी बोटं असताना —

दोन ओळी. टाकायला मिनिट लागत नाही. मला धरणारं हे एकच उरलंय.

मूर्ख सगळेच. मी धरून.

टाकल्या.

ती बसली. बटण दाबलं. आवाज वाचतोय. प्रश्नपत्रिका. उत्तरपत्रिका. घड्याळ. आता मी. अडखळला नाही. पुढे गेला. ती हसली, लिहायला लागली, आणि माझा हा हात कागदावर दिस